नळीत पांढरं नाही

स्पिरिटच्या दिव्यावर काचेची नळी उकळली, डॉक्टरांनी तिच्यात आम्लाचे दोन थेंब टाकले, तरी आतली लघवी निवळच राहिली. शामकलाने कोंडलेला श्वास सोडला.

वहिनीला सांग, उत्तम आहे, असं डॉक्टर म्हणाले. रक्तातलं प्रथिन लघवीत उतरू लागलं की नळीत अंड्याच्या पांढऱ्यासारखं साकळतं. तसं दिसलं तर पोटुशी बाई त्याच दिवशी गाडीत घालून आणायची, हे त्यांनी पहिल्याच खेपेला बजावलं होतं. शामकलाला ते तोंडपाठ होतं. मुर्रीहून गोंदियाच्या शाळेत जाणारी ती एकटीच मुलगी, आणि आता तर अख्खं विज्ञान तिच्या पिशवीतून ये-जा करत होतं! वर्गातल्या पोरींना नळीची गोष्ट सांगताना तिचे पाय जमिनीवर ठरत नसत.

प्रेमिलावहिनीचं पहिलं लेकरू पोटातच गेलं होतं. हेही गेलं तर टेकचंदला दुसरी करून द्या, असं नातलग तिच्या तोंडावर बोलत. माय मात्र सुनेपुढे वाघिणीसारखी उभी राहिली. या खेपेला मी डोळ्यांत तेल घालून राखीन, म्हणाली. धानकापणीला तिने सुनेला बांधावरसुद्धा फिरकू दिलं नाही. दर सोमवारी लघवीची शिशी भरून, फडक्यात गुंडाळून, शामकलाच्या हातात द्यायची तीही मायच.

आठव्या महिन्यात वहिनीचं तोंड सुजलं. बांगड्या मनगटात रुतल्या. डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, असं ती म्हणू लागली, तसा टेकचंद बैल जुंपायला उठला.

"कायले जुंपून राहिला गा, दादा?" शामकला हसत म्हणाली. "परवाच पाहिलं मी. नळी साफ हाये. वयनीले जरासे लाड पाहिजेत, दुसरं काही नाही."

वहिनीच ओशाळली. "मास्तरीनबाई म्हनते तं तसंच असंल बा."

टेकचंदने बैल पुन्हा गव्हाणीला बांधले.

तिसऱ्या दिवशी सकाळी चुलीपुढेच वहिनीची दातखीळ बसली. अंग ताठ झालं, झटक्यांवर झटके येऊ लागले. गाडी रेल्वेच्या फाटकाशी पोहोचेतो झटके थांबले, आणि श्वासही. पोटातलं लेकरूही तिच्याबरोबर गेलं.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. नळीत पांढरं न दिसता असे झटके आलेले मी तरी पाहिले नाहीत, एवढंच ते पुटपुटले आणि शामकलाकडे पाहायचं त्यांनी टाळलं.

ती घरी आली. माय भिंतीला टेकून बसली होती. शामकलाने तिच्या मांडीवर डोकं ठेवलं.

"माय, माह्याच्यानं झालं हे. दादा नेऊन राहिला होता, मीच अडवलं."

मायने तिच्या केसांतून हात फिरवला.

"तुहं काही चुकलं नाही, पोरी. कोनंतरी करनी केली तिच्यावर. पन करनाऱ्याले तिचं सापडलं तरी काय, तेच मले उमजत नाही. केसाचा गुंता चुलीत जाळला, नखं पुरली, अन् शिशीतबी दर खेपेले माहंच भरून देलं."