शेऱ्याचा रकाना

साहेबांनी यादी हातात घेतली, चष्मा कपाळावरून नाकावर ओढला आणि पहिल्याच ओळीवर खूश झाले.

"'मर्दासारखं लढा' काढलंत आणि तिथे 'पाय रोवून लढा'. वा! बाई, हे तर मूळच्यापेक्षा झकास जमलंय."

अग्निशमन केंद्राचा फोन सांभाळणारी ती बाई टेबलासमोर उभीच होती. वरून हुकूम आला होता. दलात आता बायकाही आहेत, तेव्हा कवायतीच्या पुस्तकातून आणि केंद्राच्या कागदांतून मर्द, मर्दानगी, बांगड्या, सगळं हद्दपार करा. या केंद्रात बाई एकच, म्हणून काम आपोआप तिच्या गळ्यात पडलं. पंधरा दिवस ती फोनशेजारी बसून त्रेचाळीस वाक्यांशी झटत होती. "'मर्दाचा बच्चा'ला काय करणार? माणसाचं लेकरू?" असं ड्रायव्हरने विचारलं, तेव्हा तीही पोट धरून हसली. पण काम तिने जीव ओतून केलं. पुस्तकातला मर्द एकदा खाली उतरला, की शिडीवर आपल्याला जागा होईल, अशी वेडी आशा तिला लागली होती.

"'हातात बांगड्या भरल्यात का?' याला काय?"

"'हात बांधलेत का?'"

"छान. आणि 'नामर्द'?"

"'धडाडी कमी.'"

साहेब मान डोलवत राहिले. माणूस वाईट नव्हता. वाईट असता, तर त्याच्याशी कडाकडा भांडता तरी आलं असतं.

मग त्यांनी खणातून दुसरा कागद काढला. शिडीच्या पथकाची निवड होती. जागा सहा, अर्ज सात. गेल्या महिन्यात ती खांद्यावर वाळूचं पोतं घेऊन चाचणीचा मनोरा चढली होती, आणि तिच्याहून कमी वेळात चढलेले दोघेच होते. तिच्या नावापुढे ती वेळ लिहिलेली होती. टेबलाच्या पलीकडूनही तिला ती वाचता येत होती.

साहेबांनी शेवटच्या, शेऱ्याच्या रकान्यावर पेन टेकवलं आणि ते थबकले.

"पंचाईत आली की हो."

"काय झालं, साहेब?"

"गेली तीन वर्षं तुमच्या नावापुढे इथे 'बाईमाणूस' लिहितोय. आता ते चालायचं नाही." ते हसले. "बघा, म्हणजे तुम्हीच मला अडचणीत आणलंत!"

त्यांनी तिची यादी पुन्हा पुढे ओढली. बोट एकेक ओळ खाली सरकत गेलं आणि एका जागी थांबलं. तिथलं बघून त्यांनी रकान्यात सावकाश, सुबक अक्षरात लिहिलं: धडाडी कमी.

"हे बरंय," ते म्हणाले. "कुणाच्या मनाला लागायला नको."

तीन वर्षं ती त्या एका 'बाईमाणूस'वर बोट ठेवून वरच्या कचेरीत दाद मागत होती. वरच्यांना उत्तर सुचत नव्हतं, म्हणून तर हा हुकूम निघाला असेल. आता ती बोट कशावर ठेवणार? आपल्यात धडाडी आहे, हे कुठल्या कचेरीत जाऊन सांगणार?

"साहेब, आधीचंच लिहा."

"अहो, तेच तर काढायला सांगितलंय."

"ते निदान खरं होतं."

साहेब काही बोलणार, तेवढ्यात तिच्या खोलीतला फोन खणखणला. ती धावली. पत्ता विचारला, कितवा मजला ते विचारलं, आत किती जण अडकलेत ते विचारलं, आणि घंटेचं बटण दाबलं. जिन्यावर बुटांचा दणदणाट झाला.

"चला रे, मर्दा..." साहेब सज्जातून ओरडले आणि त्यांनी जीभ चावली. मग तिच्या खिडकीकडे बघून, आवाज चढवून त्यांनी हाक पुरी केली, "चला, बहाद्दरांनो!"

त्या हाकेत आता तीही होती. सगळे बहाद्दर गाडीत चढले. तिने घड्याळ पाहिलं आणि गाडी निघाल्याची वेळ वहीत लिहिली.