पाणी घालायचं काम

चहाच्या पातेल्यात पाणी खदखदत होतं आणि त्यात दोऱ्याला बांधून गाडीचा थर्मोस्टॅट सोडला होता. विश्वजीत एक डोळा मोबाईलवरच्या व्हिडिओवर आणि एक पातेल्यावर ठेवून उभा. गरम पाण्यात त्याचा वॉल्व्ह उघडला नाही, तर गाडी तापवणारा तोच चोर. पण कसलं काय! पाणी उकळलं तसं वॉल्व्हनं निमूट तोंड उघडलं. बाहेर काढल्यावर गार झाला आणि परत मिटला.

"आयला, हा तर चांगला हाय," विश्वजीत वैतागला. "मंग गाडी तापती कशानं?"

"माझं पातेलं नासलं तेवढं," त्याची आई साखरबाई म्हणाली. "इकून टाक बाबा. कटकट जाईल."

दारात उभ्या असलेल्या सुनेनं, अनितानं, ते ऐकलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाडी तिच्या नवऱ्याची, मच्छिंद्रची. तो वारल्यावर गाडी अनिता चालवायची. गावातल्या बायांना सणसवाडीच्या कंपनीत सोडायची, सुट्टी झाली की घेऊन यायची. त्यावर तिचं आणि लेकीचं झकास चाललं होतं. पण दिराला, विश्वजीतला, चारचौघांत तोंड दाखवायची लाज वाटायला लागली. घरातली सून ड्रायव्हर! त्यानं चावी स्वतःच्या खिशात घातली आणि गाडी विकायला काढली. आणि गंमत बघा, अनिताच्या हातात कधी न तापलेली गाडी, गिऱ्हाईक आत बसलं की तापायला लागली.

"बाईचा हात लागला की असंच व्हायाचं," असं विश्वजीत गावभर सांगत सुटला.

मेकॅनिकनं सांगितलं होतं, थर्मोस्टॅट काढून फेका, आपल्या उन्हात लागतो कुठं? इकडचे मेकॅनिक सगळ्या तापलेल्या गाड्यांना हेच औषध देतात. विश्वजीतला ते पटलं नाही. मूर्ख नव्हता तो, फक्त आडमुठा होता. त्यानं वॉल्व्ह परत बसवला. पंख्याचा पट्टा दाबून पाहिला. पंखा फिरतोय का पाहिलं. रेडिएटरचा वरचा पाईप चाचपला, खालचा चाचपला. सगळं जागच्या जागी. मग हात पुसत त्यानं नेहमीसारखी हाक मारली.

"आई, पानी घाल गं गाडीत."

"तूच घाल की."

"ते बायकांचं काम हाय. घाल."

त्या घरात तशी रीतच होती. ट्रॅक्टर पुरुषानं चालवायचा, पाणी बाईनं घालायचं. साखरबाईनं नवऱ्याच्या जुन्या ट्रॅक्टरला जन्मभर पाणी पाजलं होतं. तिनं कळशी आणली, पाणी ओतलं, झाकण बसवलं. कमरेची पानसुपारीची चंची सारखी केली आणि ओट्यावर जाऊन बसली.

अनिता तिच्यासमोर उभी राहिली. "आत्या, मच्छिंद्र तुमचा लेक न्हवता का? तुमी बी भाऊजींच्याच बाजूनं?"

"मला काय कळतंय गाडीतलं," साखरबाई म्हणाली आणि सुपारी कातरायला लागली.

एवढ्यात दौंडचे हौसराव आले. गाडी पसंत पडली तर आजच घेऊन जाणार होते. विश्वजीतनं त्यांना चावी दिली. अनिता गाडीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"हौसरावमामा, मला न विचारता इकायला काढलीय ही गाडी. तुमी नेली, तर मी रोज दौंडला येऊन तुमच्या दारात बसन. लेकीला घेऊन बसन."

"वहिनी, आत व्हा!" विश्वजीत ओरडला.

"न्हाई होनार. काय करायचं ते करा!"

हौसराव चांगलेच अवघडले. पण आलोच आहोत तर बघून घेऊ म्हणून विश्वजीतला शेजारी बसवून, गाडी मागं घेऊन, अनिताला वळसा घालून न्हावऱ्याच्या रस्त्याला लागले. बऱ्याच वेळानं दोघं पायी परत आले. गाडी वेशीजवळ वाफा सोडत उभी होती. वाफ दिसल्याबरोबर हौसरावांनी इंजिन बंद केलं होतं.

"न्हाई बुवा," हौसराव कपाळ पुसत म्हणाले. "इंजिनाचं काम निघंल ह्यात. मला नगं."

विश्वजीतच्या अंगाचा तिळपापड झाला. "भंगारवाल्याला देतो! आत्ताच्या आत्ता फोन लावतो!"

"भंगारातच द्यायची, तर मला द्या," अनिता म्हणाली.

"घ्या! दिली, जा! ढकलत न्या सनसवाडीला!" त्यानं चावी अंगणात भिरकावली. अनितानं ती उचलली, धूळ पदराला पुसली आणि मुठीत आवळून धरली.

साखरबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. "हौसराव, तुमी ऐकलंत न्हवं? दिली म्हनला."

"व्हय मावशी. ऐकलं की."

साखरबाईनं चंची सोडली. सुपारी बाजूला सारली, चुन्याची डबी बाजूला सारली आणि तळातून एक काळी रबराची कडी काढून सुनेच्या हातावर ठेवली.

"गाडी गार झाली की झाकनात बसव."

हौसराव वाकून बघायला लागले. "अगं आई गं! हे तर रेडिएटरच्या झाकनाचं रबर! हे नसल्यावर झाकन दाबून बसतंय कशाला? पानी उकळून भाईर येनारच की!"

"आई!" विश्वजीत पुढं झाला. "तू? कवापासनं?"

साखरबाईनं चंचीची गाठ मारली.

"पानी घालायचं काम बायकांचं, असं तूच म्हनतोस न्हवं? मंग झाकनाचं रबर कुठं ठेवायचं, ते बी बायकाच ठरवनार."