आवाज उतरवताना

रंगाच्या कंपनीत नुकतीच लागलेली ती बाई पहिल्यांदाच दुकानदारांपुढे बोलायला उभी राहिली, आणि तीही नेमकी जेवणानंतर. पडद्यावर फिकट निळ्या भिंतींची एक रिकामी खोली, तिचा उजेड पाण्यासारखा पसरलेला, आणि त्यात माना टाकून पेंगणारी माणसं. आजचं बोलणं फसलं, तर नोकरीवर पाणी सोडावं लागणार होतं.

शाळेत शिकवणाऱ्या थोरल्या बहिणीने सकाळीच कानमंत्र दिला होता. "ओरडू नकोस गं. आवाज उतरव, म्हणजे आपोआप कान टवकारतात."

तिने आवाज उतरवला. पहिल्या रांगेची पेंग उडाली. आणखी उतरवला, तशा मागच्या खुर्च्या पुढे सरकल्या. हा रंग भिंतीवर कसा चढतो, किती वर्षं टिकतो, हे ती सांगत राहिली. शेवटी तिचं तिलाच ऐकू येईना, तेव्हा ती थांबली आणि तिने पाण्याचा पेला तोंडाला लावला.

कोणीच मागे टेकलं नाही. ती पाणी पीत होती, तरी माना वाक्यावाक्याला डोलत होत्या. मध्येच सगळे खुदकन हसले. मग हसू मावळलं. शेवटच्या रांगेत कोणीतरी डोळे पुसले.

तिने ओठ घट्ट मिटून घेतले.

मघाशी घोरत असलेल्या म्हाताऱ्या दुकानदाराने हात वर केला. "ताई, मग त्या निळ्या भिंतीमागून तुम्हाला बाहेर काढलं कोणी?"

शेजारच्याने त्याचा हात हलकेच खाली घेतला.

"गप बसा हो काका. अजून कुठे काढलंय? ऐका ना, ताई अजून आतून हाका मारतायत."