एकावन्न इंच

अमेरिकेतल्या बफेलो शहराच्या हवामानवेड्यांच्या मेळाव्यात आवडत्या हिमवादळांच्या आठवणी रंगल्या होत्या. इतकी वर्षं बोलावूनही न फिरकलेला काझिमिर यंदा पहिल्यांदाच आला होता.

"लेका, तुझा एकावन्न इंचांचा विक्रम अजून कुणाच्या बापाला मोडता आला नाही!" म्हातारा एल्मर म्हणाला. "बर्फ राखलास तरी कसा?"

"परसात कुणाला पाऊल टाकू दिलं नाही. बायको दोनदा फावडं घेऊन निघाली, दोन्ही वेळा खेकसलो. माप बिघडलं असतं."

"बायकांना भारी हौस फावड्याची!" एल्मर म्हणाला, तसे सगळे खो खो हसले.

"घर तापवायच्या भट्टीचा धूर बाहेर सोडणारी परसातली नळी बर्फात बुजत होती. तेवढी मोकळी करते म्हणत होती," काझिमिर म्हणाला. "एकावन्न भरले म्हणून मी ओरडतच आत गेलो. ती उठली नाही."