खुडूक

पासपोर्ट सापडत नव्हता, आणि घरात त्याचं सगळ्यात जास्त दुःख रोहिणीच्या वडिलांना, भिमाजीदादांना, झालेलं दिसत होतं.

दादांनी पत्र्याची पेटी उपसली. गोधड्या झटकल्या. मिसरीची डबी उघडून आत बोट फिरवलं. पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला, तेव्हा चुलीपुढून आई म्हणाली, "मी काय पिठात मळलाय का त्यो?"

"मानसानं सगळीकडं बघावं," दादा म्हणाले, आणि त्यांनी दिवाळीच्या रांगोळीची बरणीही तपासून घेतली.

दहाच्या जीपने रोहिणीला पाथर्डी गाठायची होती, तिथून मुंबईची एसटी. उद्या सकाळी व्हिसाच्या ऑफिसात तिचा नंबर होता. जर्मनीत नर्सची नोकरी, तीन वर्षांचा करार. नगरच्या हॉस्पिटलात पाळ्या करत करत तिने दीड वर्ष ती भाषा घोकली होती. आणि आता पासपोर्ट नाही म्हटल्यावर तिला आधी बरं वाटलं, मग बरं वाटल्याचं वाईट वाटलं. चार दिवसांची रजा काढून ती घरी आली होती ती एवढ्यासाठीच, की दोघांपैकी कोणीतरी 'नको जाऊ' म्हणावं. म्हणजे गेल्याचंही पाप नाही आणि राहिल्याचा पश्चात्तापही नाही.

पण दोघांची उभी हयात ऊसतोडीत गेलेली. कामाला निघालेल्या माणसाला अडवायचं असतं, हे त्या घराला ठाऊकच नव्हतं. आल्या दिवशी दादांनी फक्त चौकशी केली.

"मुकादम कोन हाय?"

"पुण्याची एजन्सी हाय, दादा."

"टोळीत आपल्याकडचं कुनी?"

"न्हाई. केरळच्या दोघी हायेत."

"ऱ्हायला पाचटाची कोपी का खोली?"

"खोली."

"मंग बरं हाय की. पट्टा कधी पडतो?"

पट्टा पडला की साखर कारखान्याचा हंगाम संपतो आणि माणसं घरी येतात. रोहिणी म्हणाली, "तिथं पट्टा पडत न्हाई, दादा."

"बरं," दादा म्हणाले, आणि त्यांनी भाकरी कुस्करायला घेतली.

आईने काम काय ते विचारलं.

"म्हाताऱ्या मानसांचं बघायचं. एक मोठं घर हाय, तिथं सगळे म्हातारेच राहत्यात."

"आन् त्यांची पोरं?"

"कामाला गेल्यात, लांब."

"आसंल बाई. त्यांचाबी सीझन आसंल," आई म्हणाली, आणि दुखरा गुडघा चोळत जर्मनीसाठी शेंगदाण्याची चटणी कुटायला बसली.

हे झालं आल्या दिवशी. आता पावणेदहा वाजले होते. दादा बाजरीच्या कणगीत वाकून बघत होते. आतलं घर झालं, पडवी झाली, मोरीतला दगडसुद्धा उचलून झाला. अंगणातल्या खुराड्याकडे मात्र ते सकाळपासून एकदाही फिरकले नव्हते.

खुराड्यातली लाल कोंबडी खुडूक झाली होती. दाणे टाकले तरी बाहेर येत नव्हती. खुडूक कोंबडी अंड्यांवरून उठत नाही, हे खरं. पण अंडी तर आईने कालच बाजारात विकली होती. मग ही बसली होती कशावर?

रोहिणी खुराड्यापुढे वाकली. कोंबडीने चोच मारली. तिच्या पोटाखालच्या गवतातून दुधाच्या रिकाम्या पिशवीचं टोक दिसत होतं. पिशवी नीट धुतलेली, दुहेरी गुंडाळलेली, वर दोरा बांधलेला. आत निळा कोपरा.

रोहिणी तशीच उकिडवी बसली. ही जागा तिची होती. ती आठ वर्षांची होती तेव्हा टोळीचा ट्रक दारात उभा असताना तिने दादांचा कोयता याच खुराड्यात, असाच गवताखाली लपवला होता. कोयताच नाही तर जातील कशाने, असा तिचा हिशोब. दादांनी घरभर शोधलं. मग शेजारच्या बन्सीचा जुना कोयता मागून घेतला आणि ते ट्रकमध्ये चढले. मागोमाग आई. रोहिणी सहा महिने आजीपाशी राहिली. त्या कोयत्याचा विषय घरात पुन्हा कोणी काढला नाही.

"दादा."

दादा दारात येऊन उभे राहिले. हातात पुन्हा रांगोळीची बरणी होती.

"त्या वर्षी कोयता कुठं हुता, ते तुमाला कधी कळलं?"

दादांनी बरणीचं झाकण घट्ट लावलं. एकदा उघडलं, परत लावलं.

"तवाच," ते म्हणाले. "कोंबडी लई वरडत हुती."

"मंग काढला का न्हाई?"

"तू बघत हुतीस."

वळणावर जीपचा हॉर्न वाजला. आतून आईने चटणीचा डबा पिशवीत भरल्याचा आवाज आला. रोहिणीचा हात गवतापाशी गेला आणि तिथेच थांबला. कोंबडी पंख फुलवून तिच्याकडे बघत होती, आणि दारातून दादाही.

मग दादांनी पाठ फिरवली. पोपडे आलेल्या भिंतीकडे तोंड करून ते उभे राहिले.

"मी न्हाई बघत," ते म्हणाले. "घे तू."