माझंच चुकलं असेल

टोपी काही सापडेना. ती टेबलाखाली ओणवी होऊन चौथ्यांदा फरशी चाचपत होती. मदरबोर्डवर प्रोसेसर बसवायचा चौकोन असतो, त्यात केसासारख्या बारीक सुया असतात, आणि त्या सुयांवर काळ्या प्लास्टिकची टोपी बसवलेली असते. नव्या बोर्डवर ती असतेच, असं माहितीपुस्तकात चित्रासकट छापलं होतं.

"भाऊजी, टोपी आत होती ना हो?"

"होती की. तुम्ही खोकं उघडताना उडाली असेल. पहिल्या वेळी सगळ्यांच्या हातून उडते." भाऊजीही खाली वाकले, कपाटामागे टॉर्च मारून आले. "जाऊ द्या वहिनी. सुया सरळ आहेत ना, मग झालं."

"मी धांदरटच आहे," ती म्हणाली.

भाऊजी म्हणजे नवऱ्याचे शाळेपासूनचे मित्र. कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं दुकान चालवायचे. वस्तू फेकायची म्हटली की यांच्या जिवावर यायचं. वाकडे स्क्रूसुद्धा ठोकून सरळ करून डबीत ठेवायचे. आजचे सगळे भाग त्यांनीच आणून दिले होते, आणि दुकान बंद ठेवून सकाळपासून शेजारी बसले होते. असा माणूस आजच्या काळात मिळत नाही, असं सासूबाई सकाळपासून तीनदा म्हणाल्या होत्या.

सहा महिन्यांपूर्वी ती सासूबाईंना दवाखान्यात घेऊन गेली होती. दोघी परतल्या तेव्हा नवरा याच खोलीत, माळ्याच्या शिडीखाली मरून पडलेला होता आणि टेबलावरचा कॉम्प्युटर नाहीसा झाला होता. पोलीस म्हणाले, चोराशी झटापट झाली असणार. चोर अजून सापडला नव्हता.

"मी त्या दिवशी परगावी होतो, नाहीतर..." भाऊजींचं हे वाक्य नेहमी इथेच थांबायचं.

नवरा घरांचे नकाशे काढायचा. मोजमापं भरता भरता तीही शिकली होती. आता एका कंत्राटदाराने शाळेच्या इमारतीचे नकाशे तिला देऊ केले होते, पण सोमवारी सुरुवात झाली तरच. हे काम हातचं गेलं तर पुढचं कोण देणार, या विचाराने तिला आठवडाभर झोप नव्हती. भाऊजी जोडलेला कॉम्प्युटर द्यायला तयार होते. तीच नको म्हणाली. उद्या बिघडला तर दर वेळी कुणाच्या तोंडाकडे बघायचं?

म्हणून ती घाबरत घाबरत जोडत होती. आधी कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या डब्यात पितळी खुंट्या बसवल्या. त्या विसरलं तर बोर्ड पत्र्याला टेकतो आणि जळतो. दर दोन मिनिटांनी ती लोखंडी कपाटाला हात लावत होती, अंगातली वीज बोर्डात जाऊ नये म्हणून.

"अगं, त्या कपाटाला नजर लागलीय का? किती वेळा हात लावशील?" सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या.

बोर्ड खुंट्यांवर ठेवताना तिचा हात थांबला. स्क्रूच्या भोकांभोवती बारीक चकचकीत वर्तुळं उमटलेली होती.

"भाऊजी, हे ओरखडे माझ्या हातून पडले का हो? मी तर अजून एकही स्क्रू पिळला नाही."

"सरकवताना घासला असेल. काही होत नाही त्याने."

"माझंच चुकलं असेल," ती म्हणाली आणि आणखी हलक्या हाताने काम करू लागली.

बोर्डच्या कोपऱ्यात एक गोल बॅटरी होती. ही कशाला, असं तिने विचारलं.

"लक्षात ठेवायला. ही काढली ना, की बोर्ड सगळं विसरतो. कोरी पाटी."

ऐकून तिला हेवा वाटला. तिला एवढ्या महिन्यांत काहीच विसरता आलं नव्हतं. नवऱ्याने त्याचा कॉम्प्युटर असाच स्वतः जोडला होता, आणि सुरू होताना कंपनीच्या नावाऐवजी तिचं चित्र येईल अशी सोय करून ठेवली होती. गोल चष्म्याचं घुबड, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. खाली अक्षरं, 'उठा बाईसाहेब'. सासूबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या होत्या. पुसून टाका म्हणून ती दोन दिवस भांडली, तर हा म्हणतो, "डिस्कवर नाहीये ते, बोर्डातच घालून ठेवलंय. काही कर, घुबड उठणारच." आता त्या घुबडासाठी तिने काहीही दिलं असतं.

चार वाजता शेवटची वायर लागली. सगळ्या जोडण्या तिने माहितीपुस्तकावर बोट ठेवून दोनदा तपासल्या.

"दाबा बटण," भाऊजी म्हणाले. "पहिला मान तुमचा."

"तुम्ही आधी एकदा लावून बघितला नाहीत?"

"कोरा माल कशाला बघायचा?"

तिने कपाटाला हात लावला, मग बटण दाबलं. पंखा फिरू लागला. पडदा काळाच राहिला. पाच सेकंद, दहा सेकंद.

"माझंच काहीतरी चुकलं," ती पुटपुटली.

आणि पडदा उजळला. मधोमध गोल चष्म्याचं घुबड होतं, अंबाड्यात पेन्सिल खोचलेलं. खाली अक्षरं होती, 'उठा बाईसाहेब'.

तिचा हात बटणावरच राहिला. मागे वळायचं तिला सुचेना.

सासूबाई खुर्चीतून उठून पडद्याजवळ आल्या. त्यांनी पदराने चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं, आणि हसऱ्या चेहऱ्याने भाऊजींकडे वळल्या.

"अरे, हा तर माझ्या लेकाचाच. म्हणजे चोर सापडला का रे?"