सुजेची कारणं

बाबा जाण्याआधीचा शेवटचा रविवार हसण्यातच गेला. त्यांना दुर्मीळ आनुवंशिक आजार होता. मनावर ताण आला की अंग सुजायचे. कोणत्या ताणाने सुजते, हे शोधण्यासाठी ते कॅलेंडरवर नोंदी करत. मोहनाने त्या वाचून दाखवल्या: “गोरव्यातला कारखाना बंद पडला, माझी नोकरी गेली. सूज नाही. सावली गावाहून मेहुणे आले. ओठ सुजला.” “बरा माझाच भाऊ सापडतो तुम्हाला!” आई म्हणाली. “ओठाला विचार,” बाबा म्हणाले. मंगळवारी सूज गळ्यात आली आणि श्वास थांबला. त्यांना कसला ताण आला होता, हे पाहायला तेराव्यानंतर मोहनाने कॅलेंडर उतरवले. मंगळवार कोरा होता. मागचे महिने चाळताना एका पानामागे पेन्सिलीची नोंद दिसली: “मोहनाचा ओठ सुजला. मुंगी चावली म्हणते. विचारलं नाही, तिला ताण नको.” ती मोठ्याने म्हणाली, “मुंगी नव्हती, बाबा.”